मूळ फाइल उघडायची नसते

१३ जुलै, रविवार

मनवाचं लग्न ठरलं. तीस नोव्हेंबर, दादरचा हॉल. मुलाचं नाव नील. बरा आहे. बोलतो कमी, जेवतो व्यवस्थित.

जेवताना मनवा म्हणाली, बाबा, आजीची तुझ्याकडची फाइल दे हं, मंगलाष्टकांना लावायची आहे. साउंडवाल्याला आधी द्यावी लागेल.

तुझ्याकडची म्हणजे काय? जगात एकच प्रत आहे आणि ती माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे.

नोंद असावी म्हणून लिहितो. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं आईची असत. स्वतः रचायची, स्वतः म्हणायची. २०१९ साली डॉक्टर तिच्याशी गोड बोलायला लागले तेव्हा ती काय ते समजली आणि मनवाची मंगलाष्टकं रचायला बसली. मनवा तेव्हा कॉलेजात. लग्नाचा विषय काढला की उठून गॅलरीत जायची. आई म्हणाली, तिला हवं तेव्हा करू दे, माझं तयार असू दे. ते मी रेकॉर्ड केलं. त्यासाठी मुद्दाम लॅमिंग्टन रोडला जाऊन चांगला माइक आणला. त्यानंतर पंधरवड्यात आई गेली.

रेकॉर्डिंग तुकड्यातुकड्यांत आहे. थोडं एडिटिंग लागेल, एवढंच.

फाइल त्यानंतर उघडलेली नाही. मूळ फाइल उघडायची नसते.

मनवाला सांगितलं, आधी बॅकअप, मग फाइल. कॉम्प्युटर अकरा वर्षांचा. गेल्या महिन्यापासून आतून टकटक ऐकू येते. डिस्क जाण्यापूर्वी अशीच टकटक होते असं वाचलं आहे. मेघना म्हणाली, अहो, मग पेन ड्राइव्हवर घ्या आणि मोकळे व्हा.

पेन ड्राइव्ह. माझी सगळी नोकरी विमा कंपनीत गेली. जोखीम म्हणजे काय हे या घरात फक्त मला कळतं.

संकल्प: संपूर्ण डिस्कची इमेज घ्यायची. इमेज म्हणजे चार फायलींची नक्कल नव्हे. डिस्क जशीच्या तशी, कणाकणासकट. उद्या कॉम्प्युटर चौपाटीवर बुडाला तरी परवा नव्या डिस्कवर तोच पुन्हा उभा राहतो, पडद्यावरच्या चिन्हांच्या जागासुद्धा न हलता. त्यासाठी योग्य सॉफ्टवेअर निवडायचं. मुदत: पुढचा रविवार. नुकताच रिटायर झालो आहे. वेळच वेळ आहे.

२० जुलै, रविवार

निवड जवळजवळ झाली. तीन उरली. इंग्रजी नावं सारखी वाटतात म्हणून चिन्हांवरून ओळखतो: ढाल, छत्री, आणि जर्मन.

ढाल फुकट आहे. का फुकट आहे?

छत्रीच्या पानावर सवलतीचं घड्याळ उलटं चालतं. शून्यावर आलं की मी श्वास रोखतो. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

जर्मन दिसायला इतकं वाईट आहे की विश्वास बसतो.

मनवाने विचारलं, झालं का? म्हटलं, निष्कर्षाप्रत आलो आहे.

२३ जुलै

मेघना फोनकडे बघून हसत होती. फॅमिली ग्रुपवर भाचरं नीलला शिट्टी म्हणतात म्हणे. कारण विचारलं तर म्हणाली, तुम्ही ग्रुपवर असता तर कळलं असतं.

ग्रुप मी २०१९ मध्येच सोडला. रोज सकाळी गुलाबाची फुलं. फोनची मेमरी भरते. निर्णय आजही योग्य वाटतो.

पण शिट्टी का? मुलगा शिट्ट्या मारतो का? चौकशी करायला हवी.

२७ जुलै, रविवार

ढाल म्हणते डिस्कचा सिरियल नंबर बघून घ्या. सीपीयूच्या डब्याचं बाजूचं झाकण काढलं. आतली धूळ पाहून मेघना झाडणी घेऊन धावली, तिला थांबवलं. धुळीचाही एक समतोल असतो.

झाकण परत लावलं नाही. आत हवा खेळती राहील. सारखं उघडबंद करून स्क्रू झिजवण्यात अर्थ नाही.

टकटक चालू आहे.

१० ऑगस्ट, रविवार

जर्मनची ट्रायल उतरवून घेतली. तीस दिवस फुकट. इमेज घ्यायला एक दुपार पुरते. म्हणजे भरपूर अवकाश आहे.

उतरवल्यावर ते म्हणतं, सर्वप्रथम एक रेस्क्यू पेन ड्राइव्ह तयार करा.

मेघनाकडे पेन ड्राइव्ह मागितला. तिने भाजी परतणं थांबवून माझ्याकडे बघितलं. मग हात पुसून, काही न बोलता, काढून दिला. बोलली असती तर बरं झालं असतं.

१६ ऑगस्ट

रेस्क्यू पेन ड्राइव्ह तयार. हा संकटकाळीच वापरायचा असतो. सुरक्षित जागी ठेवला.

१७ ऑगस्ट, रविवार

सुरक्षित जागा सापडत नाही.

शेजारचे अण्णा कॅरमला आले. मालवणचे. सगळी नोकरी शिवडीला गोदामात. आल्याबरोबर म्हणाले, अभयराव, झालो काय तुमचो बॅकअप? मी त्यांना फुल, इन्क्रिमेंटल आणि डिफरन्शियल यांतला फरक समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे राणी घेतली, वर कव्हरही घेतलं.

२७ ऑगस्ट

गणपती. आमच्या दोन खोल्यांत गणपती बसायला जागा एकच, ती कॉम्प्युटरच्या टेबलाची. दरवर्षी मॉनिटर पलंगाखाली आणि सीपीयू मखरामागे. दीड दिवस कॉम्प्युटर बंद म्हणजे डिस्कलाही विश्रांती. एका अर्थी हासुद्धा बॅकअपच.

नील आरतीला आला होता. जाताना म्हणाला, काका, क्लाउडवर टाकू या का? आत्ता बसल्या बसल्या होईल. म्हटलं, क्लाउड म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी कॉम्प्युटर. तो म्हणाला, हो काका, पण त्यांचा चालतो.

बोलतो कमी, असं वर लिहिलं आहे. ते दुरुस्त करायला हवं.

८ सप्टेंबर

आज इमेज घेणार होतो. पितृपक्ष लागला. मी मानत नाही. पण आईची फाइल आहे, आणि मेघना मानत असणार. विचारलं तर म्हणाली, मी कुठे काय म्हणाले, करा ना. तरी तिच्या मनाचा विचार करून थांबलो.

१० सप्टेंबर

जर्मनची ट्रायल संपली. त्याने तसं एका ओळीत कळवलं. स्वभावाला धरून.

पुन्हा ढाल आणि छत्री. तुलना पहिल्यापासून करतो, कारण मधल्या काळात दोघांच्या नव्या आवृत्त्या आल्या.

१४ सप्टेंबर, रविवार

मायलेकी हिंदमाताला गेल्या आणि मानपानाच्या सगळ्या साड्या एका दुपारीत घेऊन आल्या. मी विचारलं, इतर दुकानं पाहिलीत? मेघना म्हणाली, पहिल्या दुकानात आवडल्या. म्हटलं, दुसऱ्या दुकानात याहून चांगल्या असत्या तर? ती म्हणाली, असतील. ज्यांना मिळाल्या त्या नेसतील.

या वृत्तीला मी काय करणार.

मग पिशव्या आवरता आवरता तिने विचारलं, तुम्हाला तो आवाज ऐकायची भीती वाटते का? मी म्हटलं, प्रश्न भीतीचा नाही, तांत्रिक आहे. ती म्हणाली, बरं.

२१ सप्टेंबर, रविवार

मनवा म्हणाली, बाबा, साउंडवाला विचारतोय. नुसती ती एक फाइल मला व्हॉट्सअॅप कर. एक बटण आहे, बाबा.

शांतपणे समजावलं. व्हॉट्सअॅप आवाज दाबून पाठवतं. आजीचा आवाज दाबून पाठवायचा का? शिवाय ज्या डिस्कमधून टकटक येते तिच्यावर हात ठेवायचा नसतो. आधी इमेज. मग इमेजची तपासणी. मग इमेजमधून फाइल. मग फाइलची प्रत. ती प्रत तुला. क्रम आहे हा.

ती म्हणाली, लग्न त्या क्रमात कितवं येतं?

अंतिम निर्णय: ढाल. आणि दिवस: दसरा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. मी मुहूर्त मानत नाही. पण तारीख ठरवायचीच तर विसरता न येणारी असावी.

३० सप्टेंबर

बाहेरची हार्ड डिस्क आणली. खोका फोडलेला नाही. कपाटात दागिन्यांच्या खणात ठेवली. मेघना म्हणाली, पाटल्या कुठे ठेवू? म्हटलं, पाटल्या पुन्हा करता येतात.

हे वाक्य चांगलं होतं. तिला आवडलेलं दिसलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी ९. मन प्रसन्न. सीपीयू पाटावर घेतला. भोवती रांगोळी, झेंडूची माळ. शेजारी मेघनाचं शिलाई मशीन आणि पाटीवर काढलेली सरस्वती. दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा करायची ही आमची जुनी रीत. बाबा टाइपरायटर पुजायचे.

९.४०. एक मूलभूत प्रश्न. आधी पूजा की आधी बॅकअप? मेघना म्हणाली, आधी बॅकअप घ्या, मग हवं ते करा. पण यंत्र बंद ठेवून पूजा करणं म्हणजे झोपलेल्याला ओवाळणं. चालत्या यंत्राची पूजा व्हावी आणि पूजेतच कार्यसिद्धी व्हावी, असं ठरवलं.

१०.१५. नवी डिस्क जोडली. ढाल उघडली. 'सुरू करा' दाबलं. हिरवी पट्टी सरकू लागली. तीन महिन्यांच्या अभ्यासाचं सार्थक. पट्टीशेजारी उभा राहिलो. मनवाने फोटो काढला.

१०.३०. हळद, कुंकू, फूल, अक्षता. दोन टक्के झाले.

१०.४०. अण्णा नारळ घेऊन आले. म्हणाले, गावचो आसा, पाण्यान भरलेलो. मेघना म्हणाली, अहो, गॅलरीत फोडा. मी म्हटलं, गाडीचा नारळ गाडीपुढेच फोडतात. बत्ता घेतला.

दुपारी ४. सकाळी पुढचं लिहायला जमलं नाही.

नारळ खरोखरच पाण्याने भरलेला होता. पहिल्या घावाला फुटला. अण्णा म्हणाले, वा. त्यानंतर सीपीयूच्या आतून फट् असा आवाज आला, निळसर काहीतरी चमकलं, आणि जळक्या खोबऱ्याचा वास सुटला. मॉनिटर काळा.

झाकण जुलैपासून उघडं होतं, हे मेघनाने एकदाच सांगितलं. मनवाने मॉनिटरचं बटण दाबून पाहिलं. ती सीपीयूकडे बघत राहिली आणि मग आपट्याची पानं घेऊन खाली गेली, सगळ्यांना सोनं वाटायला. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

अण्णा खोबरं न घेता गेले.

टकटक थांबली आहे.

३ ऑक्टोबर

सीपीयू उन्हात ठेवला. कबुतरं अक्षता टिपायचा प्रयत्न करत होती. हाकलत बसलो. दुसरं काम केलं नाही.

मनवा ऑफिसला निघताना म्हणाली, जाऊ दे रे, बाबा. लोअर परळला पोचल्यावर पुन्हा मेसेज केला, खरंच जाऊ दे. दोनदा म्हणाली म्हणजे जाऊ देता येत नाहीये.

४ ऑक्टोबर, शनिवार

टॅक्सीत सीपीयू मांडीवर घेऊन लॅमिंग्टन रोड. दुकानात गर्दी. दुकानदाराने आत डोकावून विचारलं, साहेब, ये खोबरा कहाँ से आया? मी म्हटलं, दशहरा. तो म्हणाला, पूजा सब करते हैं साहेब, अंदर कोई नहीं करता. चिमट्याने अक्षता काढून एका कागदावर ठेवल्या. फेकल्या नाहीत. धर्माचं काही असावं म्हणून.

सप्लाय आणि बोर्ड गेले. डिस्क काढून त्याच्या मशीनला लावली. मी डोळे मिटून घेतले. तो म्हणाला, डिस्क एकदम फर्स्ट क्लास है, अभी दस साल जाएगी. मी टकटकीचं विचारलं. म्हणाला, वो पंखे को वायर लगता था.

कुठली फाइल पाहिजे, म्हणाला. दाखवली. चालते का बघू, म्हणून त्याने डबल क्लिक केलं. मी नको म्हणेपर्यंत उशीर झाला. दुकानाचे मोठे स्पीकर जोडलेले होते.

हॅलो. हॅलो. माइक टेस्टिंग. एक, दोन, तीन.

माझा आवाज. सहा वर्षांपूर्वीचा. उत्साही.

मग, आई, अजून नाही. आई, जरा जवळ ये. एवढं जवळ नको. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज. मग आई म्हणाली, म्हणू का रे? मी म्हटलं, एक मिनिट. मग तिने सुरुवात केली. दोन शब्द म्हणाली. मी म्हटलं, थांब, थांब, लेव्हल लाल होतेय. मग बराच वेळ माउसची क्लिक क्लिक. पुन्हा आई, म्हणू? पुन्हा मी, एक मिनिट. मग आई म्हणाली, अभय, उद्या बघू या का, दमले मी. मी म्हटलं, हो, उद्या नीट करू. मग तिची पावलं, सावकाश, दाराकडे. त्यापुढे शेवटपर्यंत माझा कीबोर्ड.

तो उद्या आठवतो. सकाळीच तिला हॉस्पिटलमध्ये नेलं.

एक गिऱ्हाईक हातातली केबल गुंडाळत होतं, ते थांबलं. दुकानदाराने आवाज कमी केला आणि विचारलं, और कोई फाइल है क्या, साहेब?

म्हटलं, नहीं.

५ ऑक्टोबर, रविवार

घरी सांगितलं, डिस्क सुखरूप आहे. हे खरं आहे. मनवा गळ्यात पडली. अण्णांनी खोबऱ्याची वाटी परत मागितली.

फाइल ऐकवा म्हणाल्या. म्हटलं, एडिटिंग बाकी आहे.

८ ऑक्टोबर

आईचे दोन शब्द माझ्याकडे आहेत. शिवाय 'म्हणू का रे' एकदा, 'म्हणू' एकदा, आणि 'दमले मी'. थोड्या शब्दांवरून अख्खा आवाज तयार करणारी सॉफ्टवेअर निघाली आहेत म्हणे. मंगलाष्टकं मी रचीन. वृत्त जमेल.

तीन सॉफ्टवेअर निवडली आहेत. तुलना सुरू.

९ ऑक्टोबर

रचायला बसलो. 'दमले मी' कुठल्याच कडव्यात बसत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

नील जेवायला होता. वरणभात चालू असताना मनवाने विचारलं, बाबा, फाइल? मी म्हटलं, काही तांत्रिक मर्यादा आहेत. चटणी घे.

तिने चटणी घेतली. मग म्हणाली, बरं, असू दे. मग शिट्टीवालीच लावू.

मी म्हटलं, कुठली शिट्टीवाली?

सगळ्यांचे हात थांबले. नील ताटात बघू लागला.

मेघनाने सांगितलं. तुम्ही माइक आणायला गेला होतात ना, त्या दुपारी आई ओट्याशी येऊन बसल्या. म्हणाल्या, आत्ता जमतंय, आत्ताच घे. मी मोबाईल ओट्यावर ठेवला आणि घेतलं. कुकर लावलेला होता. शेवटच्या कडव्यात नवऱ्या मुलाचं नाव यायचं, तिथे आई थांबल्या, नाव कोणाला माहीत होतं? आणि बरोबर तिथेच शिट्टी झाली. आई हसल्या आणि पुढे म्हणाल्या.

म्हणजे नील भेटायच्या कितीतरी आधी आमच्या जावयाचं नाव ठरलेलं होतं. नील म्हणाला, काका, मला पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं हिने.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? मेघना म्हणाली, त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकलं. तुम्ही ते न उघडताच दुसऱ्या दिवशी ग्रुप सोडलात. नंतर पाठवणार होते, पण तुम्ही भेटेल त्याला सांगत होतात, आईचा आवाज मी जपून ठेवलाय. मग कशाला मध्ये बोलायचं? आणि आम्हाला वाटलं, तुमचं बिनकुकरचं असेल.

आमटी वाढून घेतली. आमटी चांगली झाली होती.

१३ ऑक्टोबर

मेघनाने फाइल पाठवली. बोट लावलं आणि आली. उघडली.

गॅलरीत उभा राहून ऐकलं. आवाज दबलेला नाही. अजिबात दबलेला नाही. ओट्यावर भांडी वाजतात त्यात ती पूर्ण म्हणते आहे, न थांबता, कोणी थांबवलं नाही म्हणून. शिट्टीपर्यंत ऐकलं. पुढे थोडं आहे. पुढचं मला ऐकवलं नाही.

अण्णा त्यांच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. बादली तिथेच ठेवून आत गेले.

१९ ऑक्टोबर, रविवार

मेघना म्हणाली, शेवटी आमचं दोघींचं बोलणं आहे, तेवढं कापून टाका हं. हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

या लग्नातलं एक काम माझ्याकडे आलं. ते चोख करणार. अट एकच, शेवट न ऐकता कापता आला पाहिजे. तसं सॉफ्टवेअर शोधतो. दिवाळीनंतर लगेच.

२ नोव्हेंबर, रविवार

आवाज कापायची बरीच सॉफ्टवेअर आहेत. चाळणी लावली. कात्री, लाट आणि आणखी एक जर्मन.

नील म्हणाला, काका, मी कापून देऊ? चहा होईपर्यंत होईल. म्हटलं, मूळ फाइलला हात लावायचा नसतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

कात्री आणि लाट यांत निर्णय होत नाही. जर्मनची ट्रायल घेतली.

२८ नोव्हेंबर

पत्रिका, केळवणं, पाहुणे. कापायचं राहिलं. पण उपाय काढला, आणि तो सॉफ्टवेअरपेक्षा सरस आहे. साउंडवाल्याला फोन करून बजावलं, शेवटी 'सावधान' म्हटलं की लगेच बंद करा. हो हो, म्हणाला. कधीकधी माणसावर विश्वास टाकावा.

३० नोव्हेंबर, रविवार

लग्न लागलं.

नोंद: 'शुभमंगल सावधान' प्रत्येक कडव्याच्या शेवटी येतं. साउंडवाल्याने पहिल्याच सावधानाला बंद केलं. हॉलमधल्या समस्त आत्या, मावश्या, काकू एकदम ओरडल्या, अहो, चालू करा! तो इतका घाबरला की त्याने पुन्हा लावून हात मागे बांधून घेतले. त्यानंतर बटणाला शिवला नाही.

अंतरपाटाच्या एका बाजूला नील, दुसऱ्या बाजूला मनवा. वरून आईचा आवाज. भांड्यांसकट. शेवटच्या कडव्यात ती थांबली, कुकरची शिट्टी झाली आणि अख्खा हॉल एका सुरात ओरडला, नील! माझं तोंड उघडायच्या आत झालं. मला सराव नव्हता. आई हसली. अंतरपाट थरथरला, मनवा पलीकडे हसत असावी. किंवा नसावी.

सावधान. अंतरपाट गेला, अक्षता पडल्या, हार घातले. वाजंत्री वाजायला लागणार एवढ्यात, स्पीकरवरून, अगदी स्पष्ट, आई म्हणाली, मेघना, झालं का गं? तो आला का माइक घेऊन?

मेघनाचा आवाज, सहा वर्षांपूर्वीचा, नाही हो, अजून नाही.

माझ्या मुठीतल्या अक्षता मुठीतच होत्या.

आई म्हणाली, मग बंद कर पटकन. आला की मला परत पहिल्यापासून म्हणायला लावील.